राजकथेच्या कडेची माणसे: शमुवेलाच्या पुस्तकांतील पलटीएल आणि रिस्पा

रवींद्रनाथ ठाकूर यांनी ‘काव्येर उपेक्षिता’ या निबंधात भारतीय काव्यपरंपरेपुढे एक अवघड प्रश्न ठेवला. रामायणातील ऊर्मिला, ‘शाकुंतला’तील अनसूया व प्रियंवदा आणि ‘कादंबरी’तील पत्रलेखा यांना कवींनी घडविले खरे, परंतु त्यांच्या सुखदुःखाची वास्तपुस्त केली नाही, असा त्या निबंधाचा रोख आहे. ‘प्राचीन साहित्य’ (१९०७) या संग्रहात समाविष्ट झालेल्या या निबंधानंतर उपेक्षित पात्रांना बोलते करण्याकडे भारतीय भाषांतील लेखकांचे लक्ष वेधले गेले. मैथिलीशरण गुप्त यांचे ‘साकेत’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. कवीने ज्याला शब्द नाकारले त्याला शब्द देणे म्हणजे न्याय करणे, ही धारणा या प्रयत्नांच्या मुळाशी आहे. ती सर्वच प्राचीन वाङ्मयाला सारखी लागू पडते काय, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

बायबलच्या जुन्या करारात अशा पात्रांची वाण नाही. पुत्र नसलेल्या बापाचे वतन आपल्याला मिळावे म्हणून मोशेसमोर उभ्या राहणाऱ्या सलाफहादाच्या पाच मुली. मंदिरात सापडलेल्या नियमशास्त्राच्या ग्रंथावर योशिया राजा जिच्याकडून निर्वाळा मागवितो ती संदेष्ट्री हुल्दा. चिखलाच्या हौदात टाकलेल्या यिर्मयाला वर ओढताना दोरांनी त्याच्या बगला सोलू नयेत म्हणून जुनी फडकी खाली सोडणारा कूशी सेवक एबद-मलेख, ही त्यांपैकी काही. अशा माणसांची आठवण बहुधा दोन निमित्तांनी काढली जाते. एकतर नवलाची माहिती म्हणून, किंवा एखाद्या सद्गुणाचा दाखला म्हणून. ज्या कथनात ती येतात त्या कथनात त्यांचे नेमके कार्य काय, हा प्रश्न दोन्ही वेळी मागे पडतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न शमुवेलाच्या दोन पुस्तकांपुरता आणि त्यांतील दोन व्यक्तींपुरता मर्यादित केला आहे. त्यांपैकी एक पलटीएल, ज्याला जेमतेम दोन वचने लाभली. आणि दुसरी रिस्पा, जी संपूर्ण ग्रंथात एक शब्दही बोलत नाही.

हिब्रू परंपरेत शमुवेलाची पुस्तके मुळात एकच ग्रंथ होती. ग्रीक भाषांतरात तिचे दोन भाग झाले. टोळ्यांच्या सैल संघातून राजसत्ता कशी उभी राहिली, पहिला राजा शौल कसा ढासळला आणि बेथलेहेमचा दावीद कसा वर आला, हा या ग्रंथाचा विषय. त्याचा निवेदक कमालीचा मितभाषी आहे. एरिक आउअरबाख यांनी इस्तंबूलच्या वास्तव्यात लिहिलेल्या आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिमेसिस’ या ग्रंथात होमर आणि हिब्रू कथाकार यांची तुलना करताना याच गुणावर बोट ठेवले आहे. होमर सारे काही उजेडात मांडतो. हिब्रू कथाकार अत्यावश्यक तेवढेच सांगतो आणि उरलेले अंधारात राहू देतो. रॉबर्ट ऑल्टर यांनी १९८१ मधील आपल्या बायबलच्या कथनकलेवरील ग्रंथात हाच धागा पुढे नेऊन, कोणाच्या मनातले सांगायचे आणि कोणाचे झाकून ठेवायचे याची निवडसुद्धा अर्थपूर्ण असते, हे दाविदाची पत्नी मीखल हिच्या प्रकरणाआधारे दाखविले. शौलाची ही धाकटी कन्या दाविदावर प्रेम करते, असे निवेदक स्पष्ट सांगतो. दाविदाचे तिच्यावर प्रेम होते की नाही, याविषयी तो काहीच बोलत नाही.

पलटीएलाची कथा या मौनातून सुरू होते. शौलाच्या भीतीने दावीद परागंदा झाला तेव्हा त्याला खिडकीतून खाली उतरवून वाचविणारी मीखलच होती. पुढे शौलाने तिला गल्लीम गावच्या लईशाचा पुत्र पलटी याला देऊन टाकले. ही नोंद एका वचनाची आहे. वर्षे लोटतात. शौल गिलबोवाच्या डोंगरावर मरतो. उत्तरेत त्याचा मुलगा ईश-बोशेथ नावापुरता राजा होतो, खरी सत्ता सेनापती अबनेराच्या हाती असते, आणि दक्षिणेत हेब्रोन येथे दावीद राज्य करू लागतो. अबनेर फितूर होऊन दाविदाशी बोलणी सुरू करतो, तेव्हा दावीद एकच अट घालतो: मीखल परत आणल्याशिवाय तोंड दाखवू नये. ईश-बोशेथाकडे पाठविलेल्या निरोपात तो तिच्यासाठी मोजलेल्या मोलाचा, म्हणजे १०० पलिष्ट्यांच्या वधाच्या पुराव्याचा, आवर्जून उल्लेख करतो. शौलाचा जावई हे नाते उत्तरेकडील टोळ्यांवर हक्क सांगण्यासाठी त्याला हवे आहे. मागणीत मोलाचा उल्लेख आहे, मायेचा नाही.

ईश-बोशेथ माणसे पाठवून मीखलला तिच्या नवऱ्यापासून काढून घेतो. यानंतर कथा थेट अबनेराच्या पुढच्या वाटाघाटींकडे जाऊ शकली असती; राजकारणाच्या दृष्टीने मधले काहीच महत्त्वाचे नव्हते. निवेदक मात्र थांबतो आणि एक गोष्ट सांगतो. पलटीएल तिच्या मागोमाग रडत रडत बहूरीम गावापर्यंत चालत गेला. तेथे अबनेराने त्याला परत जाण्याचा हुकूम केला आणि तो परतला. एवढेच. तो काय म्हणाला, मीखलने मागे वळून पाहिले काय, यांतले काही सांगितलेले नाही. ज्या मीखलचे प्रेम एकेकाळी निवेदकाने उघड केले होते, तिचे मनही येथे बंद आहे. तिघांच्या या प्रकरणात अश्रू फक्त त्याचे दिसतात, ज्याचा या राजकारणात काहीच हिशेब नाही.

या दोन वचनांचा खरा अर्थ त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात उलगडतो. दाविदाचा सेनापती यवाब अबनेराला हेब्रोनच्या वेशीत दगा देऊन ठार करतो. दावीद सार्वजनिक शोक जाहीर करतो, विलापगीत रचतो, सूर्यास्तापर्यंत अन्न घेत नाही आणि स्वतः तिरडीच्या मागे चालत जाऊन कबरेपाशी मोठ्याने रडतो. हे सर्व लोकांनी पाहिले, त्यांना ते आवडले आणि या खुनात राजाचा हात नव्हता अशी त्यांची खात्री पटली, असे निवेदक मुद्दाम नमूद करतो. एकाच अध्यायात दोन पुरुष कोणाच्या तरी मागे रडत चालतात. एकाचे रडणे सारी प्रजा पाहते आणि त्यातून राज्य बळकट होते. दुसऱ्याचे रडणे पाहणाऱ्यांत ते थांबविण्याचा हुकूम देणारा सेनापतीच तेवढा ठाऊक आहे आणि त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. दाविदाचा शोक खोटा होता असे संहिता म्हणत नाही. ती फक्त दोन चित्रे जवळजवळ ठेवते. तुलना वाचकाने करायची आहे.

बहूरीम हे गाव ग्रंथात पुन्हा येते. मुलगा अबशालोम याच्या बंडामुळे दावीद यरुशलेम सोडून पळतो तेव्हा तो अनवाणी, डोके झाकून, रडत रडत जैतुनांचा डोंगर चढतो. चालणे आणि रडणे यांची जोडी पुन्हा एकदा एका माणसाच्या वाट्याला आली आहे. या वेळी तो माणूस राजा आहे. डोंगर ओलांडून तो बहूरीमला पोहोचतो, तेथे शौलाच्या कुळातील शिमी दगड फेकीत त्याला शिव्याशाप देतो आणि शौलाच्या घराण्याच्या रक्ताचा दोष त्याच्या माथी मारतो. याच गावातील एक अनामिक स्त्री पुढे दाविदाच्या दोन हेरांना अंगणातील विहिरीत लपविते, विहिरीच्या तोंडावर आच्छादन पसरून त्यावर कांडलेले धान्य वाळत घालते आणि शोध घेणाऱ्यांना चुकीच्या वाटेला लावते. ज्या गावातून पलटीएलाला परत फिरविले, त्या गावी राजाला शाप मिळतो आणि जीवदानही मिळते. मरणशय्येवर दाविदाला शिमी आठवतो. त्याच्या पारिपत्याची सूचना तो शलमोनाला देतो. पलटीएल मात्र पुन्हा कोणालाही आठवत नाही. त्याची आठवण ठेवणारे फक्त त्या गावाचे नाव आहे.

रिस्पेचा प्रवेशही याच तिसऱ्या अध्यायात होतो, हा योगायोग मानणे कठीण आहे. अय्याची कन्या रिस्पा ही शौलाची उपपत्नी. मृत राजाच्या उपपत्नीशी संबंध ठेवणे म्हणजे गादीवर हक्क सांगणे, असा त्या काळातील संकेत होता. अबनेराने तसे केल्याचा आरोप ईश-बोशेथ करतो, अबनेर संतापतो आणि त्या संतापातून पक्ष बदलतो. मीखलच्या परत मागणीला आणि पलटीएलाच्या अश्रूंना वाट करून देणारी ही ठिणगी आहे. आरोप खरा की खोटा, हे कळत नाही. ज्या स्त्रीवरून दोन पुरुष भांडतात तिला कोणी काही विचारीत नाही. तिचे नाव येते आणि नाहीसे होते.

ते पुन्हा उमटते ते १८ अध्यायांनंतर, दुसऱ्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात. दाविदाच्या कारकिर्दीत सलग तीन वर्षे दुष्काळ पडतो. कौल मिळतो की, शौलाने गिबोनी लोकांची कत्तल केली, त्या रक्ताचा दोष देशावर आहे. गिबोनी म्हणजे फाटकी पायताणे आणि बुरसलेल्या भाकरी दाखवून, आपण दूरदेशीचे आहोत अशी बतावणी करून यहोशवाकडून अभयाची शपथ मिळविलेले लोक. फसवून घेतलेली असली तरी शपथ ती शपथ. दावीद त्यांना भरपाई विचारतो. ते सोने-रुपे नाकारतात आणि शौलाच्या वंशातील सात पुरुष मागतात. योनाथानाला दिलेल्या वचनामुळे दावीद त्याच्या मुलाला वगळतो आणि सातजण निवडतो: रिस्पेचे दोन पुत्र, अर्मोनी व मफीबोशेथ, आणि शौलाच्या मुलीचे पाच पुत्र. जवाच्या हंगामाच्या आरंभी सातही जणांना डोंगरावर एकाच वेळी ठार करून उघड्यावर ठेवले जाते.

येथे रिस्पा कृती करते. ती गोणपाट घेते, खडकावर पसरते आणि हंगामाच्या आरंभापासून त्या प्रेतांवर आकाशातून पाणी पडेपर्यंत तेथे राहते. दिवसा पक्ष्यांना आणि रात्री श्वापदांना ती त्यांना शिवू देत नाही. त्या प्रदेशात जवाची कापणी वसंतात होते आणि नेहमीचा पाऊस शरद ऋतूच्या अखेरीस सुरू होतो. हा पाऊस अवकाळी नसेल, तर तिची राखण पाच-सहा महिन्यांची ठरते. संहिता मुदत मोजून सांगत नाही. हंगाम आणि पाऊस ही दोन टोके देते. मधला सारा उन्हाळा एका वाक्यात मावतो.

या वाक्याचे वजन कळण्यासाठी आणखी दोन स्थळे लक्षात घ्यावी लागतात. पहिले स्थळ गल्याथाच्या प्रसंगाचे. तरुण दाविदाला पाहून तो पलिष्टी योद्धा त्याचे मांस आकाशातील पक्ष्यांना आणि रानातील श्वापदांना देण्याची धमकी देतो, आणि दावीद तीच धमकी त्याच्यावर उलटवितो. दाविदाच्या कीर्तीचा आरंभ ज्या शब्दांनी होतो, त्या शब्दांतील पक्षी आणि श्वापदे आता त्याच्याच हुकुमाने मारलेल्यांभोवती गोळा झाली आहेत, आणि त्यांना एक स्त्री हुसकावीत आहे. दुसरे स्थळ अनुवादाच्या पुस्तकातील नियमाचे. देहान्ताची शिक्षा देऊन टांगलेले प्रेत रात्रभर तसे न ठेवता त्याच दिवशी पुरावे, असे तेथे सांगितले आहे. त्या कसोटीवर पाहता रक्तदोष फेडण्यासाठी केलेल्या कृत्यातून एक नवा दोष निर्माण झाला आहे. निवेदक हा नियम उद्धृत करीत नाही. रिस्पेला डोंगरावर बसवून तो आपले काम करतो.

तिची वार्ता राजाच्या कानी जाते. तेव्हा दावीद याबेश-गिलाद येथून शौल व योनाथान यांच्या अस्थी आणवितो, मारलेल्या सातांच्या अस्थी गोळा केल्या जातात आणि शौलाचा बाप कीश याच्या कबरस्थानात दफन होते. त्यानंतर देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली, असे कथा सांगते. घटनांचा हा क्रम निर्णायक आहे. देवाची कृपा सात वधांच्या पाठोपाठ नोंदविलेली नाही. ती अस्थींना मूठमाती मिळाल्यावर नोंदविली आहे. आणि मूठमातीची बुद्धी राजाला झाली ती त्या स्त्रीची कृती कळल्यावर. एक शब्दही न उच्चारता रिस्पेने राजाला त्याचे राहिलेले कर्तव्य दाखवून दिले.

या वाचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी, विशेषतः १९८० मध्ये पी. काइल मॅकार्टर यांनी, शमुवेलाच्या पुस्तकातील बराच भाग ही दाविदाची कैफियत आहे असे प्रतिपादन केले आहे. शौलाच्या घराण्यातील माणसे एकामागून एक मेली, त्यांच्या मृत्यूचा लाभ दाविदाला झाला, आणि त्यात त्याचा दोष नव्हता हे पटविण्यासाठी ही कथा रचली गेली, असे हे मत. त्या दृष्टीने २१वा अध्याय फार सोयीचा आहे. वंशातले सात वारस नाहीसे होतात. कारण दुष्काळ, मागणी गिबोन्यांची, कौल देवाचा. शौलाने गिबोन्यांची केलेली कत्तल शमुवेलाच्या पुस्तकांत अन्यत्र कोठेही वर्णिलेली नाही, हेही या शंकेला पुष्टी देते. रिस्पेचा प्रसंगसुद्धा कैफियतीत बसविता येईल. कारण त्याची अखेर राजाने शत्रूच्या अस्थींना दिलेल्या सन्मानात होते.

आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो संहितेच्या प्रमाणभागाचे स्पष्टीकरण देत नाही. कैफियतीला अस्थींचा सन्मान पुरेसा होता. दावीद आपणहून उदार झाला, असे एका वाक्यात सांगता आले असते. त्याऐवजी त्याचे औदार्य उशिरा आलेले, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी कृतीने जागे झालेले दाखविले आहे. एका ऋतूची राखण त्या औदार्याच्या आधी उभी आहे. ती वाचल्यावर सन्मानाचे श्रेय निखळपणे राजाकडे जात नाही. हीच गोष्ट पलटीएलाची. मीखलवरील हक्क सिद्ध करण्यासाठी तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या अश्रूंची गरज नव्हती. ते अश्रू त्या हक्काला बाधकच ठरतात. कैफियत लिहिली गेली असेल. परंतु ज्याने तिला अखेरचे रूप दिले त्याने प्रतिपक्षाचे साक्षीदार त्या कागदातून काढून टाकले नाहीत.

अध्यायाची जागाही याच दिशेने बोलते. घटनाक्रमाने तो बराच आधीचा असावा, असे अनेक भाष्यकार मानतात. ग्रंथात तो अखेरच्या परिशिष्टवजा भागात आला आहे. परिणामी शिमीने केलेला रक्ताचा आरोप वाचक १६व्या अध्यायातच ऐकतो आणि तेव्हा तो एका संतप्त माणसाचा आक्रस्ताळेपणा वाटतो. पाच अध्यायांनंतर सात प्रेते समोर आल्यावर त्या आरोपाकडे पुन्हा वळून पाहावे लागते. आणखी एक गाठ लेखनिकांच्या हातून पडली आहे. मारलेल्या पाच पुत्रांची आई म्हणून पारंपरिक हिब्रू पाठात मीखलचे नाव आहे. वास्तविक त्यांच्या पित्याशी, अद्रिएलाशी, लग्न झाले होते ते तिची थोरली बहीण मेरब हिचे, आणि मीखलला मरेपर्यंत मूल झाले नाही असे याच ग्रंथात पूर्वी सांगितले आहे. काही हिब्रू हस्तलिखितांत व काही ग्रीक प्रतींत ‘मेरब’ असाच पाठ मिळतो. तो ग्राह्य धरणे योग्य. तालमूदकारांनी दोन्ही नावे सांभाळण्यासाठी तोड काढली: जन्म मेरबने दिला, वाढविले मीखलने. पाठदोष असो वा नसो, ज्या स्त्रीमागे पलटीएल रडत गेला तिचे नाव रिस्पेच्या डोंगरावरही ऐकू येते.

रिस्पेच्या शेजारी दोन स्त्रिया सहज आठवतात. सोफोक्लीझची अँटिगनी भावाला मूठमाती देण्यासाठी राजाज्ञा मोडते आणि आपल्या कृतीचे समर्थन भर दरबारात करते. महाभारताच्या स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवर पडलेली, पशुपक्ष्यांनी वेढलेली मुले पाहून विलाप करते आणि कृष्णाला शाप देते. दोघींनाही वाणीचे सामर्थ्य लाभले आहे. रिस्पेजवळ ना युक्तिवाद आहे ना शाप. ती उपपत्नी आहे, पराभूत घराण्यातील आहे, तिचे बोलणे ऐकून घेणारा दरबार नाही. तिच्या परिस्थितीतील स्त्रीला जे शक्य होते तेवढेच कथाकार तिला करू देतो, आणि तेवढ्याने राजाला हालवितो. तिच्या तोंडी एखादे तेजस्वी भाषण घातले असते तर कथा अधिक नाट्यमय झाली असती, पण तिची विश्वासार्हता उणावली असती.

उत्तरकाळाने ही मौने भरून काढण्याचे प्रयत्न केले. पलटीएल व मीखल यांच्यामध्ये रोज रात्री तलवार असे आणि तो रडला तो संयमाचे पुण्य संपले म्हणून, असे तालमूदमध्ये म्हटले आहे. धर्मशास्त्रातील पेच त्यामुळे सुटला, पण एका माणसाचे साधे दुःख त्याखाली झाकले गेले. टर्नरने १८०८च्या सुमारास रिस्पेचे चित्र रंगविले. टेनिसनने १८८०च्या संग्रहातील ‘रिस्पा’ या कवितेत, फाशी गेलेल्या मुलाची हाडे रात्री गोळा करून पुरणाऱ्या एका इंग्रज म्हातारीचे आत्मकथन लिहिले. त्याने मूळ रिस्पेच्या तोंडी शब्द घातले नाहीत. केवळ तिचे नाव दुसऱ्या आईला दिले, यात त्याची जाण दिसते. मराठीत या कथा प्रथम भाषांतरांतूनच आल्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेले आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेले भाषांतर सामान्य, अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे या हेतूने साध्या भाषेत केलेले आहे. मूळ कथनाचा कणाच साधी क्रियापदे हा असल्यामुळे अशा साधेपणाशी त्याचे वाकडे येत नाही. घेतले, पसरले, राहिली, शिवू दिले नाही: रिस्पेच्या कथेला याहून अधिक शब्दभांडार लागत नाही.

रवींद्रनाथांचा प्रश्न या ग्रंथाला विचारला तर उत्तर काहीसे वेगळे मिळते. ऊर्मिलेचे मौन हे कवीचे विस्मरण असू शकेल. पलटीएल आणि रिस्पा यांचे मौन त्यांच्यावर सत्तेने लादलेले आहे, आणि कथाकाराने ते जसेच्या तसे नोंदविले आहे. त्यांना वाचा देणारा लेखक त्यांच्यावर उपकार करील, पण ज्या व्यवस्थेत त्यांना वाचा नव्हती तिचा पुरावा त्या भरात पुसला जाण्याची भीती आहे. म्हणून या पात्रांचे वाचन करताना त्यांच्या आगेमागे काय ठेवले आहे, कोणते गाव पुन्हा येते, कोण कोणाच्या मागे चालते, कोणत्या कृतीनंतर पाऊस पडतो आणि कोणत्या कृतीनंतर विनवणी ऐकली जाते, इकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते. दाविदाच्या थोरवीची कथा सांगणाऱ्या ग्रंथाने तिची किंमत कोणी चुकविली हेही लिहून ठेवले आहे. ते लहान अक्षरांत लिहिलेले आहे, इतकेच.